नव्या सहाणेवरील मायफळाची हकीकत

श्रीकुलस्वामिनी लेंकुरवाळीचें रक्षण करो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपदमासीं बाळराजांचें पोट बिघडलें, तें वर्तमान ऐसें जे, शलाकाबाई राणीसाहेब चौथ्या मजल्याचा गड एकट्या राखून होत्या. राजे परमुलखीं नोकरीचे मोहिमेवर, आणि सासूबाई मंदाकिनीबाई यांस तर बाईंनींच बाळंतपण उरकतांच निरोप दिला होता कीं, आमचें आम्ही पाहूं, पुस्तकें वाचिलीं आहेत. गड उंच, शेजारचे दरवाजे बंद, दिवसभरांत बोलावयास बाळराजे, आणि तेही हुंकारापलीकडे मसलत न देत. मग पोट वाहूं लागलें, आणि वैद्यांनीं भिण्याजोगें नाहीं म्हटलें तरी बाईंस चैन पडेना. फोनवर सासूबाईंस पुसिलें. त्यांनीं सांगितलें कीं गुटींतील मायफळ तुरट, पोट आवळून धरितें, त्याचे थोडे वेढे सहाणेवर उगाळून चाटवावे. बाईंनीं कोरी सहाण मागविली, वेढे बरहुकूम दिले, आणि तुरटाचा अंमल ऐसा बसला कीं पोट वाहावयाचें राहिलें, आणि मग कांहींच येईना. बाळराजे लाल होऊन कुंथत, आणि बाई घडोघडी पोट चांचपीत, आणि आपण लेंकराचें काय केलें म्हणून न्हाणीघरांत नळ सोडून रडत. वैद्य म्हणाले, पोट मऊ आहे, दूध पाजा, वाट पाहा. वाट पाहावयास सोबत कोणी नव्हतें. मग पुन्हां फोन केला.

"सहाण कुठली घेतलीस?" सासूबाईंनीं पुसिलें.

"नवीच. ऑनलाइन."

"अगं बाई. माझी घासून घासून गुळगुळीत झालीय, तिच्यावर मायफळ नुसतं फिरतं. तुझी खरबरीत, तिनं निम्मं मायफळ खाल्लं असेल."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मी तिथं असते तर हात लावून पाहिली असती."

बाईंनीं कोऱ्या सहाणेवरून बोट फिरवून पाहिलें.

दुसरे दिवशीं सकाळीं बाळराजांनीं ऐसा पराक्रम केला कीं दुपटें, गादी, राणीसाहेबांचा गाऊन, सारा मुलूख एका हल्ल्यांत काबीज जाहला. बाई खदखदून हसल्या, आणि "बघितलंत का" म्हणून मागें वळल्या, तों मागें फक्त पंखा फिरत होता. मग हात धुऊन फोन लाविला. सासूबाई घाबरून म्हणाल्या, आतां काय जाहलें?

"काही नाही, आई. झाली त्याला. आज विचारायचं काही नाही. नुसतंच बोला थोडा वेळ."

मग पलीकडून भाजीचा भाव, मोलकरणीची रजा, ऐसें पुष्कळ बोलणें जाहलें, आणि फोन ठेवितां गड पूर्ववत् शांत जाहला.

इतकेंच घडलें. रक्त सांडलें नाहीं, राज्य बुडालें नाहीं. गड शाबूत, राखणारी एकटी.