दार कंचं?

दत्तूनानांच्या दारात आलेला माणूस परका म्हणून परत गेलाय, असं मी तरी पाहिलेलं नाही. गॅसवाला असो नाहीतर मीटर बघायला आलेला, "पावणं, गाव कंचं?" इथून सुरुवात. मग आडनाव, मग आईचं माहेर. परवा कुरिअरवाला सही घ्यायला आला आणि पाच मिनिटांत नानांच्या चुलत मेहुणीचा भाचा ठरून, चहा पिऊनच गेला. असं नातं सापडलं की नाना मांडीवर थाप मारून म्हणतात, "मग लांबचं न्हाय की."

मंगळवार पेठेत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि वंशावळीचं सॉफ्टवेअर बनवते. नानांपुढे ते सॉफ्टवेअर म्हणजे पाटीवर अक्षर गिरवणारं पोर. सात पिढ्या, त्यांच्या सुना, सुनांची माहेरं, सगळं त्यांना तोंडपाठ. मी आपली थक्क होऊन ऐकत बसते.

त्यांच्या घराण्याची वंशावळ आजऱ्याला, धाकट्या भावाच्या, शंकररावांच्या कॉम्प्युटरवर आहे. नाना इथून माझ्या सॉफ्टवेअरनं तिला जोडून नावं भरायचे. आज्ज्याला गारगोटीची दुसरी बायको होती, असं नानांचं म्हणणं. शंकररावांचं म्हणणं, नव्हती. नाना तिला भरायचे, नावाच्या जागी 'नाव आठवंना' लिहून. शंकरराव पुसायचे. चारदा भरली, चारदा पुसली, आणि भावाभावांचं बोलणंच बंद झालं.

एके सकाळी नाना जिना चढून वर आले. "पोरी, तुझं ते सेटिंगचं पान बदल. होस्ट, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड. माणसानं वाचायचं कसं?"

"मग काय लिहू?"

"पावण्याला इचारतात तसं इचार की. गाव कंचं? दार कंचं? कोण आलंय? आणि वळखीची खूण काय?"

इतकी वर्षं मी हे काम करतेय, पण इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. निमूटपणे बदललं.

"आणि ते एक वाक्य काढून टाक," नाना जिन्याकडे वळत म्हणाले. "'जोडणी नाकारली.' दिवाळीत वाटलं, झालं गेलं सोडावं, म्हणून जोडायचं बटण दाबलं. तर हे. शंकरनं तोंडावर न्हाय म्हटलं असतं तर सोसलं असतं गं. मशीनकडनं सांगाय लावलं."

ते वाक्य माझं होतं, इंग्रजीवरून जसंच्या तसं उचललेलं. त्या पोर्टवर, म्हणजे नानांच्या भाषेत त्या दाराशी, पलीकडे कुणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. शंकररावांनी काहीच नाकारलं नव्हतं. आणि माझ्या दोन शब्दांपायी हा माणूस दिवाळीपासून गप्प होता.

त्याच दुपारी मी त्या एका वाक्याची तीन केली. गाव सापडलं नाही. गाव सापडलं, पण या दाराशी कुणी नाही. दार उघडलं, पण खूण पटली नाही. संध्याकाळी खाली जाऊन नानांनाच बटण दाबायला लावलं. मधलं वाक्य आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"म्हंजी शंकरनं न्हाय म्हटलेलं न्हाय?"

"नाही नाना. तुम्ही आला होता हे त्यांना कळलंच नाही. दार बदललं असणार."

नानांनी फोन उचलला. "शंकर, तुझं दार कंचं रं आता?"

मग कॉम्प्युटर नवा घेतल्याचं कळलं, दाराचा नवा आकडा कळला. मी तो टाकला आणि वंशावळ उघडली.

आज्ज्याशेजारी दुसरी बायको होती. 'सुंदराबाई, माहेर गारगोटी.' भरणाऱ्याचं नाव, शंकर. तारीख दिवाळीच्याही आधीची. गारगोटीला जाऊन नाव शोधून आणलं होतं, फोन तेवढा केला नव्हता. भाऊ शेवटी नानांचाच.

नाना कितीतरी वेळ चष्मा पुसत होते.

"आजऱ्याची पहिली गाडी कितीला असती गं?"

"उद्याच निघताय? या वयात एवढ्या लांब?"

"लांबचं न्हाय की," नाना म्हणाले. या वेळी मांडीवर थाप नव्हती.