टाकीवरची तुळस

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांच्या घरात देव होते आणि सगळ्यांच्या घरामागे संडासाची टाकी होती. देवांकडे रोज लक्ष जायचं. टाकीकडे कुणी बघायचंसुद्धा नाही.

तिथे गोदूताई नावाची साळिंदरीण राहायची. फार गुणी. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, काही म्हणून चुकवायची नाही. तिची टाकी दगडू रानडुकराने बांधली होती. जाताना तो सांगून गेला होता, की झाकण मोकळं ठेवा आणि तीन वर्षांनी मला गाळ उपसायला बोलवा.

पण मागच्या अंगणात ते सिमेंटचं झाकण काही बरं दिसेना. तिने कासवभटजींना विचारलं. भटजी म्हणाले, तुळस लावाल ती जागा पवित्रच होते. मग काय, झाकणावर विटांचं वृंदावन उभं राहिलं. गेरू लागला, रोज रांगोळी निघू लागली. तुळस तर अशी फोफावली, की शेजारची भेकरीण येऊन विचारायची, खत कुठलं घालता हो?

सात वर्षं गेली. आणि ऐन श्रावणात संडास तुंबला.

नेमकी गोदूताईची लेक अंबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. नववा लागला होता. पाळणा धुऊन तयार होता. पण विहीणबाईंनी निरोप धाडला, की पोरीला तासातासाला जावं लागतं, जिथे संडास चालत नाही तिथे मी तिला पाठवणार नाही. गोदूताई पाळण्यापाशी बसून रडली.

दगडू आला. त्याने वास घेतला आणि सांगितलं, की बिघाड काही नाही, टाकी गाळाने भरली आहे, एवढंच. वृंदावन हलवलं की तासाभराचं काम. कासवभटजींनी कानावर हात ठेवले. चातुर्मासात तुळस हलवायची नाही, तिचं लग्न लागेपर्यंत तर नाहीच. तुळशीचं लग्न कार्तिकात. अंबूचं बाळ भाद्रपदात.

"मग मी काय करू, भटजीबुवा?" गोदूताईने विचारलं.

"व्रत करा," भटजी म्हणाले.

अकरा दिवसांचं व्रत ठरलं. घरात चूल पेटवायची नाही. एक फळ आणि दोन वाट्या पाणी. पहाटे नदीवर स्नान, मग दिवसभर देवळात जप. गोदूताईने ते मनोभावे केलं. नवऱ्यालाही करायला लावलं.

आणि बाळांनो, बाराव्या दिवशी संडासातलं पाणी सरसर खाली गेलं.

जंगलभर बोलबाला झाला. दगडू सांगत होता, की अकरा दिवस घरात कुणी खाल्लंप्यालं नाही, वापरलं नाही, म्हणून पाणी जमिनीत मुरलं. गाळ आहे तिथेच आहे.

"दगडूभाऊ, तुमचा विश्वास नाही, एवढंच," गोदूताई प्रेमाने म्हणाली.

अंबू माहेरी आली. मग उद्यापन नको का? एकवीस मेहुणं जेवायला बोलावली. पुरण, कटाची आमटी, खीर, ताक. विहीणबाईही आल्या. सगळे पोटभर जेवले. हात धुतले, पाय धुतले, आणि एकेक करून घरामागे जाऊन आले.

दुसरी पंगत बसली आणि मागच्या अंगणातून पाणी आलं. कसलं, ते मी सांगत नाही. पत्रावळी तरंगल्या. मेहुणं आमटीचा भुरका अर्धा टाकून उठली.

विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. उद्या सकाळी सुनेला परत नेते म्हणाल्या.

अंबू दारात उभी होती. "आई, मला जायचंय गं," ती हळूच म्हणाली.

गोदूताईने भटजींकडे पाहिलं नाही. कुदळ घेतली. तुळशीला हात जोडले.

"माय, तूही लेकुरवाळी व्हावीस," ती म्हणाली. "रागावू नकोस. जरा बाजूला हो."

तुळस मुळांमातीसकट अलगद घमेल्यात काढली. विटा फोडल्या. दगडूने तासाभरात टाकी उपसली. त्याने टोमणासुद्धा मारला नाही, फक्त म्हणाला, "ताई, सात वर्षांचं पुण्य साठलं होतं."

अंबू राहिली. भाद्रपदात तिला मुलगा झाला. घमेल्यातल्या तुळशीला नवी पालवी फुटली.

बारशाला कासवभटजींनी जाहीर केलं, की व्रत फळाला आलं. जंगलातल्या साऱ्या बायका विधी लिहून घ्यायला बसल्या. भटजींनी सावकाश, न गाळता सांगितला. पहिली पायरी, टाकीच्या झाकणावर विटांचं पक्कं वृंदावन बांधावं. मग सात वर्षं थांबावं.

आठवड्याभरात जंगलात वीट मिळेना. गोदूताई एकेकीला समजवायला निघायची. बायका तिच्या पाया पडायच्या आणि म्हणायच्या, किती हो तुम्ही साध्या, स्वतःच्या व्रताचा मोठेपणासुद्धा घेत नाही.

तात्पर्य : उपास धरला की टाकी तुंबत नाही. ज्यांना घरात जेवायचंय, त्यांनी मात्र झाकण मोकळं ठेवावं.