नागूबाईचा स्विफ्ट कोड

मी धोंडप्पा. टपाल खात्यात तेहतीस वर्षं काढली. बिदर जिल्ह्यातला कुठलाही पिनकोड झोपेतून उठवून विचारा, डोळे न उघडता सांगतो! कोड या विषयात आमच्या आख्ख्या राजेश्वर गावात माझ्यापुढं कुणी नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या नागूबाईला ऐकू यायचं नाही. कानाशी हलगी वाजवली तर म्हणायची, "दारात कोण आलंय बघा!" तिची लेक शैलश्री मस्कतला नर्स. शैलश्रीची पोरगी आता बोलायला लागणार, तेव्हा आपल्या अव्वाच्या, म्हणजे नागूबाईच्या, कानात ऐकायचं मशीन असावं म्हणून शैलश्री पैसे पाठवणार होती. फोन अर्थात मलाच आला.

"धोंडप्पामामा, अव्वाच्या बँकेचा स्विफ्ट कोड पायजे!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की नागूबाईलाही एक शब्द ऐकू गेला.

"स्विफ्ट? गाडी कामून घ्यायलीस गं बाई? चालवणार कोण?" नागूबाईनं विचारलं.

मी पासबुकावरचा आयएफएससी दिला. तिकडच्या फॉर्मनं तो घेतला नाही.

"मामा, त्यो देशातल्या देशात चालतो. परदेशातून पाठवायला येगळा लागतो. बँकेत इचारता का?"

बँकेत? मी? मॅनेजर किरणकुमार हाफ चड्डीत पोस्टाच्या पायरीवर खेळायचा, त्याला मी कोड विचारायचा? मोबाईलवर शोधला आणि दिला पाठवून! बँकेच्या नावातले पहिले दोन शब्द जुळले. तिसरा मी वाचलाच नाही. अहो, नुसत्या 'नागूबाई, वेशीजवळ' एवढ्या पत्त्यावर मी पत्रं पोचवलीत!

दोन आठवडे गेले. पैसे मस्कतहून निघाले होते, राजेश्वरला येत नव्हते.

"अण्णा, मशीन आलं का?" नागूबाई रोज विचारायची.

"येतंय!" मी ओरडायचो.

"कोण येतंय?"

शेवटी गेलो बँकेत. किरणकुमारनं कोड पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मामा, ह्यो दुसऱ्याच बँकेचाय! तिथं नागूबाईंचं खातं सापडंना, म्हणून पैसे माघारी चाललेत. आपल्या शाखेला असा कोड न्हाई, बेंगळूरच्या मोठ्या शाखेचा द्यावं लागतंय. आधी इचारला असता तर चिठ्ठीवर लिहून दिलो असतो की."

दोन मिनिटांचं काम होतं हो!

शैलश्रीला खरं सांगितलं. ती रागावली नाही. ते जास्त लागलं.

पैसे परत जाऊन पुन्हा येईपर्यंत दीड महिना गेला. मधल्या एका रविवारी व्हिडिओ कॉल चालू होता. पोरीनं पडद्यावर नागूबाईचं तोंड बघितलं आणि स्वच्छ म्हणाली, "अज्जी!"

शैलश्री हसली, मग रडली. नागूबाई दोघींच्या ओठांकडं बघत राहिली. "काय म्हणली?"

"अज्जी म्हणली!" मी तिच्या कानात ओरडलो. आख्ख्या गल्लीला कळलं. नागूबाई हसली खरी, पण तिच्या कानात गेला तो माझा आवाज.

आता मशीन आलंय. नागूबाईला मुंगीची पावलंसुद्धा ऐकू येतात. पण पोरीला सध्या 'टाटा' सापडलंय, दिवसभर तेच चालतं, 'अज्जी' पार विसरलीय.

काल नागूबाई दारात आली. "अण्णा, पयल्यांदा 'अज्जी' कशी म्हणली वो? करून दाखवा की."

सदुसष्ट वर्षांचा मिशाळ माणूस मी! इकडंतिकडं बघितलं, गळा बारीक केला आणि म्हणालो, "अज्जी!"

तिनं मान वाकडी करून नीट ऐकलं.

"न्हाई अण्णा. एवढं घोगरं म्हणली नसंल ती."

मी पाणी प्यालो आणि परत एकदा म्हणून बघितलं.