उजवी आत, डावी वर

परदेशी पाहुण्यांना आमचे रीतिरिवाज शिकवावेत ते मीच! जपानात मात्सुमोतोच्या वरच्या अंगाला आमचं खोरं आहे, तिथं कुणालाही विचारा. चपला कुठं काढायच्या, भातात काड्या उभ्या का खोचायच्या नाहीत, गरम पाण्याच्या हौदात उतरायच्या आधी अंग का धुवायचं, सगळं माझ्या जिभेवर. निदान यंदाच्या ओबोनपर्यंत तरी माझी अशीच समजूत होती.

मी घरजावई. सासरे, गेम्पाचीसान, गेल्या हिवाळ्यात वारले आणि त्यांच्या सराईची किल्ली सासूबाईंच्या कमरेला गेली. ती ज्याच्या हाती, त्याची सराई. ओबोनात पितर घरी येतात, आणि सासरे यंदा पहिल्यांदाच येणार होते. तेवढं निर्विघ्न पार पडू दे, मग किल्लीचं काय ते ठरवीन, असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

ओबोनच्या दुपारी मी जर्मन पाहुण्यांना युकाता, म्हणजे आमचा सुती झगा, नेसायला शिकवत होतो. संध्याकाळी सगळे देवळापुढच्या नाचाला जाणार होते. त्यातला उवे नावाचा पाहुणा इतका उंच, की सराईतला एकही युकाता त्याच्या गुडघ्याखाली उतरेना. मी माझा स्वतःचा लांब युकाता काढून दिला आणि घाईत सासऱ्यांचा जुना निळ्या पट्ट्यांचा अंगावर चढवला. सगळ्यांना समोर उभं केलं, उजवी बाजू आत घेतली, डावी वर आणली, कमरेला पट्टा बांधला. म्हटलं, माझ्याकडे बघा आणि अगदी तस्सं करा. त्यांनी अगदी तस्सं केलं. वर ताकीद दिली, रस्त्यात कुणी काही केलं तर आपणही तेच करायचं, म्हणजे चूक होत नाही. मंडळी रवाना झाली आणि मी चहा ओतून घेतला.

इतक्यात माझी बायको चिझुरु आत आली. तिचा चेहरा पांढराफटक.

"अहो, तुम्ही त्या सगळ्यांना मारलंत की!"

मी चहा खाली ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं. समोरासमोर उभं राहून शिकवलं, त्यामुळे त्यांनी आरशासारखं उलटं केलं होतं. सगळ्यांची उजवी बाजू वर! आमच्याकडे तसं फक्त मढ्याला नेसवतात. पितर यायच्या संध्याकाळी मी आठ-दहा मढी गावात सोडली होती! हे सासूबाईंच्या कानावर गेलं, तर किल्ली राहिली बाजूला, मलाच घराबाहेर काढतील.

मी जीव मुठीत धरून पळालो. टोफूवाल्या सुएकिची आजोबांचं दुकान बंद, आणि आतून मंत्र ऐकू येत होते. फटीतून त्यांनी कापऱ्या आवाजात सांगितलं, की पितर आले, मी हात जोडले, तर त्यांनीही जोडले! मी वाकलो, तर तेही वाकले! माझी ताकीद मंडळींनी तंतोतंत पाळली होती. मी आजोबांना म्हटलं, ते जर्मन आहेत. आजोबा म्हणाले, मेल्यावर कसले आलेत देश.

पाहुणे पुलावर सापडले. समजावत बसायला वेळ नव्हता. पण या वेळी मी डोकं चालवलं. माझं बघून ते उलटं करणार ना? मग मीच उलटं नेसतो! मी माझी उजवी बाजू वर आणली, आणि समोरची सगळी मंडळी झटक्यात जिवंत झाली. ती नाचायला गेली. मी घराकडे वळलो. देवा, सुटलो एकदाचा!

दिवस मावळला होता. फाटकाशी सासूबाई भूर्जाची साल जाळत बसल्या होत्या. पितरांना वाट दिसावी म्हणून. धुरातून मी पुढे आलो, तशी त्यांनी मान वर केली.

"अहो, आलात?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग स्वतःकडे पाहिलं. अंगावर सासऱ्यांचा युकाता, आणि तोही उलटा नेसलेला! बोलावं, तर बाईंचं काळीज फाटणार. न बोलावं, तर मी असा अधांतरी. पळावं म्हटलं, तर मेलेला माणूस पळतो का?

"जेवणाखाण्याचं बरं आहे ना तिकडे?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"माझी आठवण येते?"

मी पुन्हा मान हलवली. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचंही असेल.

त्यांनी सालीचे तुकडे आगीत सारले. मग हळूच म्हणाल्या, "आपल्या जावयाच्या हातात किल्ली देऊ का हो?"

काय झालं कोण जाणे, माझी मान इतक्या जोरात हलली की मानेत कळ आली.

सासूबाई उठल्या, बाहीवरची राख झटकली.

"जावईबापू, आधी ते नीट नेसा. अपशकुन असतो."

मला झालं, धरणी पोटात घेईल तर बरं. कसंबसं विचारलं, "कधी ओळखलंत?"

"पुलाकडून आलात तेव्हाच. पण इतक्या महिन्यांचं विचारायचं साठलं होतं, कुणीतरी मान हलवायला हवी होती. आमचे हे असते, तर एवढ्या लगेच हो म्हणालेच नसते. चाळीस वर्षं काहीही विचारलं तरी एकच उत्तर. बघू."

मी तिथंच उजवी बाजू आत घेतली, डावी वर आणली आणि चाचरत म्हटलं, "मग किल्लीचं?"

"बघू," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.