यंत्राच्या पाइपाला नी-कॅप

लाकडं आपणच फोडायची, हा निर्णय सूचनासाहेबांनी रविवारी सकाळी दुसऱ्या चहाच्या वेळी घेतला, आणि त्या घरातल्या सुट्टीची तिथूनच वाट लागली.

सूचनासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते आणि भिंतींवर लावायच्या सूचना लिहीत. 'ओल्या फरशीवर धावू नये', 'यंत्र चालू असताना आत हात घालू नये' हे सगळं वाङ्मय त्यांचंच. कारखान्यात ते कुणी वाचत नसे, म्हणून साहेब घरी बायकोला वाचून दाखवत. ती भाजी चिरता चिरता 'हं' म्हणे. (संसारात 'हं' म्हणायला काहीही ऐकावं लागत नाही. साहेबांचा तरी असाच अनुभव होता, कारण बायको बोलत असताना तेही 'हं'च म्हणत.)

परसातलं जुनं झाड वादळात आडवं झालं होतं. त्याचे ओंडके पाडून झाले, पण अख्खा ओंडका शेगडीत जात नाही, आणि थंडी पडली की आईचे गुडघे धरत. मेहुण्याचं गॅरेज होतं आणि त्याच्याकडे लाकूड फोडायचं हायड्रॉलिक यंत्र होतं. ते द्यायला तो तयार झाला हेच नवल. याआधी साहेबांनी त्याची ड्रिल मशीन जाळली होती आणि शिडी मोडली होती. (शिडी नेमकी कशी मोडली हे साहेबांना ठाऊक नाही. ते तेव्हा तिच्यावर होते.) त्यांच्याविषयी सासरी एकमत होतं: माणूस सोन्यासारखा, पण हातात वस्तू देऊ नये. हे यंत्र धडधाकट परत गेलं असतं तर तो डाग पुसला गेला असता. साहेबांना लाकडांपेक्षा तेच हवं होतं.

शनिवारी मेहुण्याने यंत्र परसात आणून ठेवलं तेव्हा साहेब बाहेर गेले होते. रविवारी चहा पिताना बायको त्याबद्दलच काहीतरी सांगत होती. साहेब पेपर वाचत 'हं' म्हणाले, कप खाली ठेवला आणि बाह्या सावरत परसात गेले.

यंत्र तसं साधं होतं. इंजिनावर पंप चाले, पंप काळ्या रबरी पाइपातून तेल रेटी, तेल लोखंडी दट्ट्याला रेटी आणि दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर. साहेबांनी दांडा ओढला. पहिला ओंडका बिस्किटासारखा दुभंगला. साहेबांची छाती फुगली. एवढ्यात पाइपावर तेलाचे थेंब दिसले.

"काय रे, रडतंय का ते?" ओसरीवरून आईने विचारलं.

"घाम आलाय, आई. काम करतंय ते."

पण जीव थोडा धास्तावला. गळतंय कुठून ते बघायला साहेबांनी अंगठा पाइपाकडे नेला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, दुधाखालचा गॅस बंद करा. माझे हात पिठात आहेत."

या घरात माणसाला एक काम सलग करू द्यायचं नाही असा ठरावच झालेला दिसतो, असं पुटपुटत साहेबांनी यंत्र बंद केलं, मग गॅस बंद केला. परतताना आईच्या खोलीत खुंटीवर तिची नी-कॅप दिसली. जाड, लवचीक, चिकटपट्टीची. आईच्या गुडघ्याला आवरते ती पाइपाला का नाही आवरणार? साहेबांनी ती पाइपाला गुंडाळली. मापाला अगदी शिवून घेतल्यासारखी बसली. गळती दिसत नाही म्हणजे गळती नाही, हा कारखान्याच्या मॅनेजरचा सिद्धांत साहेबांना त्या दिवशी प्रथमच पटला.

"माझी नी-कॅप कुठे गेली रे?" आईने विचारलं.

"बघतो, आई."

पुढचा ओंडका गाठीचा निघाला. दट्ट्या अडला, इंजिन घुरघुरलं. शहाण्या माणसाने दांडा सोडला असता. साहेबांनी दात खाऊन तो धरून ठेवला. मग एक फाडकन आवाज झाला आणि पाइप फुटला. तेल वाळत घातलेल्या चादरींवर, भिंतीवर आणि साहेबांवर उडालं. बायको पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिने आधी इंजिन बंद केलं. साहेबांना मात्र काळजी पुराव्याची. ते नी-कॅप काढायला झेपावले, तेलावरून घसरले आणि गुडघ्यावर आपटले.

"'ओल्या फरशीवर धावू नये,'" बायको म्हणाली.

साहेब संतापून उत्तर देणार, तोच फाटक वाजलं. खांद्यावर कोराकरकरीत पाइप टाकून मेहुणा आत येत होता. झालं, साहेब मनात म्हणाले, आता ड्रिल आणि शिडीच्या शेजारी हेही.

मेहुण्याने यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. "दाजी, पाइपाला हात लावला होतात का?"

"अंगठ्याने बघणार होतो जरा. तेवढ्यात हिने हाक मारली."

मेहुण्याचा चेहरा उतरला. "अहो, त्या दाबाचं तेल कातडीत सुईसारखं घुसतं. वरून टाचणीएवढी खूण, आणि आत सगळं सडतं. बोट कापायची पाळी येते. आता उडालं ते लागलं का कुठे?"

बायकोने साहेबांचे दोन्ही हात ओढून घेतले आणि एकेक बोट उलटसुलट तपासलं. साहेबांना रागावायचं होतं, पण ते जमेना. इतका वेळ त्यांचे हात कुणी धरून बसल्याला कितीतरी वर्षं झाली होती.

"जुना पाइप गेलाय, मी येऊन बदलेपर्यंत यंत्र चालू करू नका, असं ताईला सांगून गेलो होतो मी," मेहुणा म्हणाला.

"मी सकाळीच सांगितलं," बायको म्हणाली. "हे 'हं' म्हणाले. आणि 'गळती हाताने तपासू नये, आधी यंत्र बंद करून तेलाचा दाब सोडावा', ही सूचना यांचीच. 'सोडावा' लिहू की 'काढावा', म्हणून माझं डोकं खाल्लं होतं."

साहेब चकित झाले. "तू ऐकत होतीस?"

"हं."

मेहुण्याने पाइप बदलला, तेल भरलं, जमीन पुसून घेतली. मग बायकोने चष्मा आणि हातमोजे चढवले, मेहुण्याला लांब उभं केलं आणि दांडा धरला. गाठीचा ओंडका तिने फिरवून लावला आणि मुकाट्याने फोडला. साहेबांना ओसरीवर आईशेजारी खुर्ची मिळाली होती. गुडघा सुजून टम्म झाला होता. समोर तारेवर नी-कॅपमधून काळं तेल ठिबकत होतं. आईचा चष्मा आत होता, तेवढंच नशीब.

आईने त्यांच्या गुडघ्यावरून मायेने हात फिरवला. "असा ठणका लागला ना, बाळ, की माझ्या त्या नी-कॅपसारखं दुसरं काही नाही. सापडली का रे?"

साहेब म्हणाले, "हं."