सात-चार, बाहेरच थांबा

लग्नाला बावीस वर्षं झाली तरी सासऱ्यांच्या तोंडून एकदाही 'बरं केलंत' निघालं नव्हतं, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी त्यांना विमानात बसवलं. विमान क्लबचं, चार खुर्च्यांचं. चालवायचा परवाना मात्र डॉक्टरांचा स्वतःचा, तीन वर्षं रविवार घालवून मिळवलेला. वरून शहरातला मोठा पूल दाखवला की म्हातारा विरघळेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

पूल होता मोठ्या विमानतळाच्या हद्दीत. तिथे शिरायचं तर नियंत्रकाने विमानाचा नंबर घेऊन 'प्रवेशाला परवानगी आहे' असं स्पष्ट म्हणावं लागतं. नुसतं उत्तर दिलं, चौकशी केली, त्याला काडीची किंमत नाही. परीक्षेत हेच लिहून डॉक्टरांनी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

"सात-चार, बाहेरच थांबा," नियंत्रक बाई म्हणाल्या.

डॉक्टर एका वीटभट्टीवर घिरट्या घालू लागले. शेजारी सासरे कानाला हेडफोन लावून, मांडीवर हात ठेवून बसले होते. परवाना खात्यात साहेब होते ते. लोकांना ताटकळत ठेवण्यात हयात गेलेली.

"भट्टी छान आहे," पाचव्या फेरीला ते म्हणाले. "आता पाठ झाली."

"बाबा, गर्दी आहे. होईल इतक्यात."

"तुमच्या दवाखान्यातही बाहेर असंच सांगतात."

डॉक्टरांच्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सात-चार, रडारवर दिसताय. उंची पंधराशे ठेवा."

"मिळाली का हो परवानगी?" सासऱ्यांनी विचारलं.

मिळाली नव्हती, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. पण बाईंनी नंबर घेतला, उंची सांगितली, आवाजही गोड होता. आणखी काय हातात लिहून देणार?

"मिळाली," ते म्हणाले आणि त्यांनी विमान पुलाकडे वळवलं.

पूल दिसायच्या आत बाईंचा गोडवा संपला. "सात-चार, तुम्ही हद्दीत कसे? परवानगी कुणी दिली?" उतरायला आलेलं दोनशे माणसांचं विमान डॉक्टरांपायी पुन्हा वर गेलं. त्याच्या वैमानिकाने रेडिओवर जो सुस्कारा सोडला, तो सगळ्यांनी ऐकला. डॉक्टर शेपूट घालून परत फिरले.

खाली क्लबच्या ऑफिसात निरोप येऊन पडला होता: चौकशी होईपर्यंत परवाना निलंबित. मॅनेजरने फॉर्म पुढे सरकवला. त्यात साक्षीदाराचा रकाना होता. सासऱ्यांनी स्वतःचं पेन काढून मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'परवानगीचे शब्द उच्चारले गेले नाहीत. मी स्वतः ऐकत होतो.' खाली सही, तारीख, वेळ.

"ऐकत होतात, तर तेव्हाच का नाही बोललात?" डॉक्टरांचा आवाज चिरकला.

"विचारलं की. तुम्ही मिळाली म्हणालात."

"मग निदान लिहिताना तरी सांभाळून घ्यायचं, बाबा. घरचाच माणूस ना मी?" डॉक्टरांना रडूच यायचं बाकी होतं.

सासऱ्यांनी पेनाला सावकाश टोपण लावलं. "जावईबापू, मुलीला मागणी घालायला आलात तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"बघू, म्हणालात."

"आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी हॉल ठरवून मोकळे झालात." त्यांनी पेन खिशाला लावलं. "मी अजून बघतोच आहे."