आजोबांचे दोन इंच

"तीन इंच! चार महिन्यांत तीन इंच!" दातांत पेन्सिल धरून चिमीच्या आईने लेकीला पुन्हा पट्टीला टेकवलं.

ओंडक्यांचं घर बांधून झालं त्या दिवशी चिमीच्या बाबांनी फूट-इंच रंगवलेली ती लाकडी पट्टी छतालगतच्या ओंडक्याला खिळ्यावर, खाली हातभर जागा सोडून, टांगली होती. चिमी दोन फूट दहा, तिचे आजोबा पाच फूट दोन, अशा खुणा पट्टीवर त्याच दिवशी झाल्या. भिंतींना अजून ओल्या लाकडाचा वास होता. सुताराने दाराच्या चौकटीवर चार बोटं फट का ठेवली ते कुणालाच कळलं नाही. पोरीला वारा लागू नये म्हणून आईने तिथे जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या.

"वाढतेय ना? वाढू दे की!" बाबा म्हणाले.

"अहो, इतकं कुणी वाढतं का?"

तिने दोन मापं मोठे फ्रॉक आणले. चिमी त्यांत पाय अडकून धडाधड पडू लागली. म्हणजे पोर उंचीने वाढतेय आणि अंगाने आटतेय! आईची झोप उडाली. डॉक्टरांनी मोजून सांगितलं, "दोन फूट अकरा. छान आहे."

"त्यांची पट्टी झिजलेली असणार," ती घरी येऊन सासऱ्यांना म्हणाली. "बाबा, जरा उभे राहा. तुमची उंची काही आता बदलायची नाही."

पाच फूट चार. तिने पट्टीवर तिथे नवी खूण केली.

"बाबा, तुम्हाला काही होतंय का?"

"आत्तापर्यंत नव्हतं होत," सासरे खुर्ची चाचपत म्हणाले.

त्याच आठवड्यात दार घट्ट अडकलं. सुतार आला, चिंध्या उपसल्या आणि खाली बसून हसला. "वहिनी, पोर नाही हो वाढली, घर खाली आलं! ओलं लाकूड वाळलं की आकसतं, भिंत उतरते. म्हणून तर फट ठेवली होती. पट्टीही भिंतीबरोबर उतरली. थांबा, वर घेतो."

सासरे पट्टीला पाठ लावून उभे राहिले. "हात लावायचा नाही! जन्मभर बुटक्या म्हणवून घेतलंय. आत्ता कुठे वाढलोय."

पट्टी राहिली. घर आणखी थोडं उतरलं आणि मग थांबलं. फ्रॉक एकदाचे बेताचे झाले, मग तोकडे. आजोबा गेले. लाकडाचा वासही कधी गेला, कळलं नाही.

परवा कॉलेजातून आलेली चिमी पट्टीला टेकली आणि ओरडली, "आई, मी आजोबांच्या वर गेले!"

आईने पदराने पाच फूट चारच्या त्या खुणेवरची धूळ पुसली. मग म्हाताऱ्या सुताराला बोलावणं धाडलं. "तेव्हाचं राहिलेलं काम करून टाका. घर जेवढं उतरलं, तेवढी पट्टी वर."

चिमी पुन्हा उभी राहिली. पाच फूट तीन. आजोबांची खूण तिच्या डोक्यावर एक इंच.

"आई, ही लबाडी आहे!"

"मोज ना जमिनीपासून."

चिमीने टेप लावली. आजोबा पाच फूट चार होते, अगदी चोख.